चांगल्या दाताला हात लावायचा नाही

४ फेब्रुवारी

भिंगरे,

तुला एक आजी आहे. आठवतंय का? उंचीला कमी, बोलायला जास्त. दुसऱ्या मजल्यावर राहते, खाली गाद्यांचं दुकान आहे, त्यांच्या गाद्यांच्या कडा शिवते. लहानपणी तिच्या मांडीवर बसून तू तिच्या नाकात कापूस कोंबायचीस. आठवलं? बरं झालं. मला वाटलं, दिवसभर लॅबमध्ये लोकांचे खोटे दात करता करता घरच्यांची तोंडं विसरलीस. ‘पुढच्या आठवड्यात लिहिते’ म्हणाली होतीस. तुझा तो आठवडा अजून यायचाय वाटतं. आमच्याकडे बरेच येऊन गेले.

फोन करू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि मी दुप्पट ओरडते, म्हणजे आपलं बोलणं सगळ्या जिन्याला फुकट. पत्रच बरं. मी सांगते, शेजारचे कंडक्टर लिहितात. रिटायर झाले तरी सवय गेली नाही. जरा कुठे थांबले की म्हणतात, ‘आजी, पुढे चला.’

तर चालते पुढे. माझा वरचा दात तुटला. मधल्या दोन मोठ्यांतला नाही, त्यांच्या शेजारचा, डाव्या हाताचा. डाळीत खडा होता. आता हिरडीपाशी नुसता खुंट उरलाय. डॉक्टर म्हणतो, दोन रस्ते आहेत. मूळ धड असेल तर खुंटावर कॅप, नसेल तर खुंट उपटून ब्रिज. मी म्हटलं, तुमच्या मते काय करावं? तर म्हणतो, तुम्हाला काय हवंय? कुणी गादी घ्यायला आलं तर मी त्याला विचारते का, की बाबा तुला झोपायचंय का बसायचंय?

म्हणून तुला विचारते. धंदाच आहे तुझा. लवकर सांग, कारण वीस मार्चला तुझा बाप येतोय, त्याआधी तोंड सारखं व्हायला हवं. आणि त्याला यातलं अवाक्षर बोलायचं नाही. उगाच जीव टांगणीला लावून घेतो.

तुझी आजी

(अक्षर कंडक्टरांचं, अक्कल माझी. हेही लिहा.)


९ फेब्रुवारी

आजी,

तू बोलतेस ते खरंय, मी वाईट नात आहे. शिव्या नंतर दे, आधी ऐक.

कॅप म्हणजे तुझ्याच दाताला घातलेली टोपी. मूळ तुझं, वरचं आम्ही केलेलं. आधी मुळातली नस काढतात, आत एक छोटी खुंटी बसवतात आणि तिच्यावर टोपी. ब्रिज म्हणजे तीन टोप्या एकमेकींना जोडलेल्या. मधली रिकाम्या जागेवर लटकते आणि बाजूच्या दोन शेजारच्या दातांवर बसतात. पण टोपी बसायची तर खालचा दात चहूबाजूंनी तासून बारीक करावा लागतो. म्हणजे एक मेला म्हणून शेजारचे दोन धडधाकट सोलायचे. तासलेला दात पुन्हा भरून येत नाही, आजी.

आणि तुझ्या त्या दोन शेजाऱ्यांतला एक कोण, कळलं का? दोऱ्याचा दात! ज्याच्यावर दोरा ठेवून तू ‘टक्’ करून तोडतेस तो. त्याच्या कडेला तुझ्या आयुष्यभराच्या दोऱ्यानं खाच पाडलीय. तो तासून वर चिनी मातीची टोपी बसवली की दोरा तोडणं संपलं. टोपीचा टवका उडेल.

म्हणून कॅप. कॅपच. डॉक्टरांना मूळ वाचवायला सांग.

तुझं पत्र आल्यापासून माझं कामात लक्ष नाही. काल कुणाच्या तरी दाढेला पुढच्या दाताचा रंग लावून बसले. समोर ओळीनं लोकांच्या तोंडांचे प्लास्टरचे साचे मांडलेले असतात. आज सगळे मला तुझ्यासारखे दिसत होते, सगळे माझ्याकडे बघून दात काढत होते.

एक विचारू? डाळ आपण दाढांनी चावतो. खड्यानं दाढ तुटते. पुढचा दात हिरडीपाशी मोडायला खडा तिथे गेला कसा?

भिंगरी


१४ फेब्रुवारी

भिंगरे,

आजीला सल्ला दे म्हटलं होतं, आजीचा जबाब घे नव्हतं म्हटलं. खडा कसा गेला ते खड्याला विचार.

डॉक्टरकडे जाऊन आले. पोरगेला आहे, पण हात हलका. भिंतीवर एका बाईचा फोटो लावलाय, तोंड कानापर्यंत, बत्तीसच्या बत्तीस बाहेर. इतकं हसण्यासारखं त्या खोलीत मला काही सापडलं नाही. एक्स-रेत मुळावर एक रेघ दिसते म्हणे. भेग असेल, नाहीतर फोटोतलीच रेघ असेल. कॅप करायची तर आधी मुळाचं काम, चार खेपा, आणि एवढं करून मूळ दगा देणार नाही याची खात्री नाही. ब्रिजचं मात्र एकदाच. खुंट काढायचा, शेजारचे तासायचे आणि त्याच दिवशी तात्पुरता ब्रिज बसवायचा. पक्का नंतर सावकाश. म्हणजे त्याच दिवसापासून कुणाला काही कळायचं नाही.

तेव्हा ब्रिज. एक मार्चची वेळ घेतलीय.

दोऱ्याच्या दाताचं म्हणशील, तर जगात कात्र्या आहेत. मी काही माझ्या दाताशी लग्न केलेलं नाही. तू आपली कामात लक्ष घाल, कुणाला भलत्याच रंगाची दाढ लावू नकोस. रात्री आरशात बघून बिचारा दचकायचा.

तुझी आजी

(ताई, यापुढचं आजींनी सांगितलेलं नाही. पत्र संपलं की त्या मला ते परत वाचायला लावतात. एवढं मी वाचणार नाही. डाळीत खडा नव्हता. आजी जिन्यावरून पडल्या. दोन्ही हातांत खोळींचं गाठोडं होतं, खालचं दिसलं नाही, तोंड कठड्यावर आपटलं. मीच उचललं त्यांना. आजोबा गेले तेव्हा तुमचे वडील आजींना घेऊन जायला आले होते, आठवत असेल. त्या वेळी आजींनी शब्द दिला होता: ‘ज्या दिवशी या जिन्यावर पडेन, त्या दिवशी मुकाट तुझ्याकडे येईन. तोवर विषय काढायचा नाही.’ म्हणून ही सगळी घाई. मला गप्प राहायला सांगितलंय. मी बोलत नाहीये, फक्त लिहितोय. — कंडक्टर)


१८ फेब्रुवारी

आजी,

कात्री? तू? ‘कात्री हातात धरायची तर दाभण काय कानात खोचू?’ असं दुकानातल्या सगळ्यांना सुनावणारी बाई कोण होती मग?

अगं, एवढी कसली घाई? तुला फोटो काढायचाय की कुणी बघायला येणार आहे? चार खेपा तर चार खेपा. मूळ वाचत असेल तर ते उपटायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा आहे. रेघ फोटोतलीही असू शकते, हे डॉक्टरच म्हणाले ना? मग त्या शंकेपायी दोन चांगले दात का घालवायचे? एक तारीख पुढे ढकल. माझ्यासाठी ढकल.

भिंगरी

(मागची बाजू कंडक्टरकाकांसाठी. काका, ही बाजू मोठ्यानं वाचू नका. तुम्ही कळवलंत, फार बरं केलंत. तिला अजून कुठे लागलंय का? चक्कर येऊन पडली की पाय अडकून? बाबांना सांगावं की नाही, मला कळेनासं झालंय. सांगितलं तर ती मला जन्मभर माफ करणार नाही. नाही सांगितलं आणि ती पुन्हा पडली, तर मी स्वतःला माफ करणार नाही. तुम्हीच सांगा. तोवर तिला एकटीला जिना उतरू देऊ नका.)


२२ फेब्रुवारी

भिंगरे,

मला अक्षर येत नाही, डोळे आहेत. कागद दोन्ही बाजूंनी भरलेला होता आणि कंडक्टरांनी एकच बाजू वाचली. मी म्हटलं, मागे काय आहे? म्हणतात, शाई उमटलीय. मी म्हटलं, कंडक्टर, इतकी वर्षं विनातिकिटाची माणसं पकडलीत, आता स्वतः सापडलात. वाचा. वाचलं. आत्ता लिहितानाही त्यांना घाम फुटलाय, तेही लिहा म्हटलं.

तर हो. पडले. चक्कर नाही, पाय अडकला नाही. गाठोडं मोठं होतं आणि मी शहाणी, दोन फेऱ्या कोण करणार म्हणून सगळं एकदम उचललं. गुडघा सुजला होता, उतरला. दात तेवढा गेला.

आता तुला सगळं कळलंच आहे तर बाकीचंही ऐक. तुझ्या बापाचं घर चांगलं आहे. लिफ्ट आहे, गरम पाणी आहे, सून माझ्यावर माया करते. तिथे गेले की मला सोफ्यावर बसवतात. पाणी हातात, चहा हातात, रिमोट हातात. चार दिवस मी राणी असते. पाचव्या दिवशी बोटं वळवळायला लागतात. मागच्या वेळी मी त्यांच्या सोफ्याची उसवलेली शिवण घातली, तर तुझा बाप म्हणाला, ‘आई, तुला इथे काही करायची गरज नाही.’ मायेनंच म्हणाला. पण ते ऐकून मला वाटलं, आपलं तिकीट संपलं, आता उतरा.

इथे माझी गरज आहे. खाली गादी भरून झाली की दुकानातून हाक येते, ‘आजी, कड!’ आणि मी दाभण घेते. ती हाक मला हवीय. त्यासाठी दोन दात गेले तर गेले.

पण माझा शब्दही मीच दिलाय. तुझा बाप शब्द मोडू देणारा नाही, माझ्यावरच गेलाय. त्याला माझ्या तोंडात खिंडार दिसलं की तो विचारणार, आणि त्याच्याशी खोटं बोलताना माझी नजर खाली जाते, हे त्याला बालवाडीपासून माहीत आहे. खिंडारच नसलं तर प्रश्नच नाही. कळली घाई?

एक मार्चला ब्रिज. आता यात बदल नाही. आणि बापाला सांगितलंस, तर तुझी आजी तुझ्या लग्नात येणार नाही. आधी लग्न तरी कर म्हणजे धमकीला जोर येईल.

तुझी आजी


२५ फेब्रुवारी

आजी,

हे पत्र स्पीड पोस्टानं टाकतेय, एक तारखेआधी पोचावं म्हणून. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. टेबलावर अर्धा तास ब्रश धरून बसले आणि एकही दात झाला नाही. आता जसं येईल तसं लिहिते.

तू म्हणतेस, तुला तिथलं काम हवंय म्हणून तू दोन दात द्यायला तयार आहेस. पण त्यातला एक तर तुझ्या कामाचाच दात आहे! काम वाचवायला हत्यार मोडतेस तू. हे बाबांना फसवणं नाही, स्वतःला फसवणं आहे.

डॉक्टरांना एवढंच सांग: वेगळ्या कोनातून आणखी एक एक्स-रे काढा. भेग नसेल तर कॅप. मला खात्री आहे, भेग नाही. आणि वीस तारखेची एवढीच काळजी असेल, तर तोंडाचं माप घेऊन मला पाठवायला सांग. मी काढता-घालता येणारा एक दात करून देते. टाळूला चिकटणारी पातळ पट्टी आणि तिला एक दात. कुणाला तासायला नको, कुणाला उपटायला नको.

कंडक्टरकाका, हे पत्र हातात पडलं की वाट बघू नका. ती असेल तिथे जाऊन वाचा.

भिंगरी


३ मार्च

भिंगरे,

तू त्या माणसाला ‘असेल तिथे जाऊन वाचा’ असं का लिहिलंस? त्याला हुकूम दिला की तो हुकूमच असतो.

मी खुर्चीत आडवी. गळ्यात फडकं, तोंडात नळी, डोळ्यांवर दिवा. डॉक्टर सुई घेऊन वळला आणि बाहेर आरडाओरडा. ‘थांबा! थांबा! उतरणारे आहेत!’ कंडक्टर धापा टाकत आत. डॉक्टर म्हणाला, ‘पेशंट आत आहे.’ हे म्हणाले, ‘पेशंटसाठीच आहे,’ आणि लागले वाचायला. दार उघडं. बाहेर बाकावर माणसं. कामाचा दात, मोडलेलं हत्यार, तुझा बाप, वीस तारीख, सगळं रांगेनं ऐकलं. एक बाई डोळे पुसत होती. तिची दाढ दुखत असेल, पण कंडक्टर म्हणतात, पत्रामुळे.

डॉक्टरनं नळी काढली. म्हणाला, ‘आजी, तुम्ही मला हे सांगितलंच नाहीत. तुम्ही म्हणालात, आजच्या आज दात दिसला पाहिजे. आजच्या आज असा एकच रस्ता होता.’ मी म्हटलं, तुम्ही विचारलंत काय हवंय, मी सांगितलं. चूक माझीच, पण मी ती खुर्चीत आडवी असताना कबूल केली, म्हणजे ती धरायची नाही.

मग त्यानं दुसरा फोटो काढला. तिरका. आणि तुझी खात्री फुकट गेली, पोरी. भेग आहे. वरपासून थेट मुळापर्यंत. मलासुद्धा दिसली, इतकी स्वच्छ. म्हणाला, यावर कॅप बसवली तर उद्या पू होईल. खुंट काढावाच लागणार.

काढला. सुई टोचल्यावर काही कळलं नाही. नुसता ‘कर्र’ असा आवाज, जुन्या खोळीची शिवण उसवावी तसा.

मग म्हणाला, ‘आता सांगा. शेजारचे तासू? आज तासले तर आज तात्पुरता ब्रिज बसेल.’

मी आरसा मागितला. तोंडात कापूस, ओठ बधिर. पदरात खोचलेला दोरा होता तो काढला आणि दोऱ्याच्या दातावर धरून तोडला. ओठ जागेवर नव्हता, तरी दाताला काय करायचं ते माहीत होतं. टक्. डॉक्टर बघत राहिला. कंडक्टर म्हणाले, ‘बघितलंत?’ जसं काही त्यांनीच तोडला.

मी म्हटलं, आज नको.

माप घेतलंय. गुलाबी चिकट लगदा तोंडात कोंबून बसवलं होतं, तेवढा वेळ मी गप्प होते. कंडक्टर म्हणतात, असं माप रोज घ्यावं. तुझ्या पत्त्यावर पाठवलंय. आता माझ्या तोंडात भोक आहे, वीस तारीख डोक्यावर आहे आणि डोळ्याला डोळा नाही. दात कर, आणि पुढे काय ते सांग. मात्र या वेळी ‘खात्री आहे’ म्हणू नकोस.

तुझी आजी


८ मार्च

आजी,

मी चुकले. तुझा एक्स-रे मी डोळ्यांनी बघितलाही नव्हता, तरी कॅप-कॅप करत बसले. तुझ्यासारखाच माझाही हट्ट. बाबांवर आपण दोघी गेलोय की काय!

तुझं तोंड इथे पोचलं. मापात प्लास्टर ओतलं, साचा सोडवला आणि टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेले. परत येऊन बघते तर शेजारच्या टेबलावरची ताई मला मदत म्हणून दोऱ्याच्या दाताची खाच मेणानं भरतेय! प्लास्टरमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की असा खड्डा पडतो, तो आम्ही रोजच भरतो. मी इतक्या जोरात ओरडले की तिच्या हातातलं अवजार उडालं. म्हटलं, ताई, तो बुडबुडा नाही, ती माझी आजी आहे. मग सगळे जमले. साहेबांनी भिंग लावून खाच बघितली आणि म्हणाले, ‘अशी खाच मी आजवर फक्त ऐकली होती.’ मेण काढलं. खाच आहे तशी आहे.

आता पुढचं. या वेळी खात्री नाही म्हणत, तुझ्या डॉक्टरांना विचारूनच लिहितेय. सकाळीच त्यांच्याशी फोनवर बोलले. तुझा गेलेला दात लहान आहे. त्याच्या एका बाजूला दोऱ्याचा दात, दुसऱ्या बाजूला सुळा. सुळ्याचं मूळ सगळ्यांत लांब, सगळ्यांत दणकट. अशा वेळी एकाच बाजूनं धरलेला ब्रिज करता येतो. सुळ्यावर टोपी आणि तिला चिकटलेला नवा दात, दोऱ्याच्या दाताला नुसता खेटून. त्याला तासायचं नाही, धरायचं नाही. सुळा तेवढा तासावा लागेल. तो सोसेल. डॉक्टर म्हणाले, हिरडी भरून आली आणि चावा नीट बसत असला तर हेच करू, मे महिन्यात. एकच अट आहे. नव्या दातानं काही तोडायचं नाही. दोरा दोऱ्याच्याच दातावर.

तोवर हा काढता-घालता दात सोबत पाठवतेय. तुझा रंग आमच्या कुठल्याच पट्टीशी जुळेना, इतक्या वर्षांचा चहा आम्ही आणायचा कुठून? थोडा पिवळा, थोडा तपकिरी असं करत जुळवलाय. रात्री काढून वाटीत पाण्यात ठेवायचा.

आणि आजी, एक सांगायचंय.  दात मी केला, खोटं मी करणार नाही. बाबांनी मला विचारलं, तर मी खरं सांगेन. आपणहून सांगणार नाही, ते तुझं काम. पण तू तो दात घालून त्यांच्यासमोर बसून राहशील आणि मी इथे त्यांच्या फोनची घंटा वाजली की दचकेन, हे माझ्याच्यानं होणार नाही. गेले पंधरा दिवस तेच चाललंय.

रागावलीस तरी दात घाल.

भिंगरी


२२ मार्च

भिंगरे,

दात बसला. जरा टोचतो, पण नवा पाहुणा टोचायचाच. रंग असा जुळलाय की कंडक्टरांना ओळखता आला नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी चुकीच्या दाताकडे बोट दाखवलं, तेव्हा मी सुखावले. म्हटलं, येऊ दे आता वीस तारीख.

तुझा बाप सतराला आला.

त्याचं काम लवकर उरकलं म्हणे. दुपारची वेळ. मी कडा शिवत होते आणि टोचतो म्हणून दात वाटीत काढून ठेवला होता. दार वाजलं, मला वाटलं कंडक्टर. उघडलं तर दारात तो. केस आणखी पिकलेत गं त्याचे. आणि मी हसले. किती दिवस घोकत होते, तोंड मिटून हसायचं, ओठ आत ओढून हसायचं, आरशासमोर बसून करून बघितलं होतं. पण पोटच्या पोराला दारात बघून कुणाला तोंड मिटून हसता येतं? तू करून दाखव.

त्याचं हसू तिथेच थांबलं. ‘आई, दात?’

मी म्हटलं, ‘डाळीत…’ आणि नजर खाली गेली. मग म्हटलं, जाऊ दे. ‘पडले रे. जिन्यावर. फेब्रुवारीच्या आधी.’

त्यानं चपला काढल्या, आत येऊन वाटीतला दात बघितला.   आणि म्हणाला, ‘भिंगरीला माहीत होतं?’ मी म्हटलं, हो, आणि तिनं मला सांगितलं होतं की तू विचारलंस तर ती खोटं बोलणार नाही. तर म्हणाला, ‘मला विचारायचं सुचलं नाही.’ मग म्हणाला, ‘शब्द दिला होतास.’

मी म्हटलं, दिला होता. बॅग कपाटावर आहे, काढ.

त्यानं काढली. मी साड्या घातल्या आत. रडले नाही, उगाच लिहू नका कंडक्टर. मग खालून हाक आली, ‘आजी, कड!’ एक मोठी गादी अर्धी शिवून माझ्यासमोरच पडली होती, तीच द्यायची होती. मी म्हटलं, एवढी पुरी करते मग निघू. ती जड होती, सरकेना. तुझा बाप खाली बसला आणि त्यानं दुसरं टोक धरलं. लहानपणी धरायचा तसंच, गुडघ्यानं दाबून. त्याला कुणी सांगितलं नाही. मी टाके घालत गेले, तो टोक फिरवत गेला.  कोपऱ्याला आले, गाठ मारली आणि दोरा तोंडाला नेला. टक्.

तो बघत होता. मी म्हटलं, ‘काय?’ तर उठून खाली गेला.

बराच वेळ आला नाही. खिडकीतून वाकून बघितलं तर जिन्याच्या पायरीवर बसलेला, कठड्याला हात लावून. मग दुकानात शिरला. मला वाटलं, हिशोब मिटवून निरोप घेतोय. माझे हात बॅगेवर. बंद करू की नको, बंद करू की नको.

वर आला आणि म्हणाला, ‘तुझा शब्द जिन्याचा होता. जिनाच नको. दुकानाच्या मागची कापसाची खोली रिकामी करून देतायत. तिथे राहा. पण वर पाऊल टाकायचं नाही, गाठोडं उचलायचं नाही. कापूस तुझ्याकडे येईल, तू कापसाकडे जायचं नाही.’

मी म्हटलं, आणि त्या खोलीत पडले तर?

म्हणाला, ‘तर माझ्याकडे. या वेळी लपवायचं नाही. मी दोन महिन्यांनी येणार, न सांगता.’

तर अशी तडजोड झाली. फार खूश होऊ नकोस. त्या खोलीला रस्त्याकडची खिडकी नाही. वर होते तेव्हा सगळी गल्ली दिसायची, आता दाराखालून फक्त लोकांचे पाय दिसतात. काल दिवसभर मला करमेना. इथे बस, तिथे बस, कुठे बूड टेकेना. संध्याकाळी दुकानातून हाक आली, तेव्हा कुठे जीव जागेवर आला. तरी अजून रोज पहाटे उठून वरच्या खिडकीकडे जायला निघते आणि भिंतीला धडकते. तुझा बाप म्हणतो, होईल सवय. त्याला काय ठाऊक? त्याच्या घरात सहा खिडक्या आहेत.

न्हाणीघरात त्यानं धरायला दांडा बसवला. वाकडा बसवलाय. मी बोलले नाही, एवढंही शिकले.

डॉक्टरकडे तोच घेऊन गेला. त्याला कॅप आणि ब्रिज यातलं काही कळत नव्हतं, तरी ‘सुळा का? दुसरा का नाही? सुळा किती वर्षं टिकेल?’ असं चाललं होतं. डॉक्टर बिचारा फोटो दाखवून दमला. शेवटी मी म्हटलं, ‘अरे, सगळ्यांत दणकट आहे म्हणून त्याच्यावर ओझं, आणि ज्याचं काम चालू आहे त्याला सोडायचं, इतकं साधं आहे.’  मेमध्ये करायचं ठरलं. तू तुझ्या हातानं करणार आहेस ना? मग घाई करू नकोस आणि रंग बघून लाव.

आता कामाचं. हिरडी अजून दुखते, कडक काही चालत नाही. खजूर पाठव, बिया काढलेला, चांगला मऊ. आणि दोन माणसांना पुरेल एवढा पाठव, तुझा बाप अजून आठवडाभर राहतोय.